उकिडवं, ओणवं, फतकल

परवा फोनवर तू अगदी रडकुंडीला आली होतीस. रोजची पंचवीस रॅपिड स्केचेस दाखवायची असतात, तू वही उघडून बसतेस, पेन्सिलीला टोक करतेस, पुन्हा एकदा करतेस, आणि कुणाला काढावं तेच सुचत नाही. शेवटी रात्री अकराला मोबाइलवरचे फोटो बघून पंचवीस माणसं उरकतेस आणि सकाळी सर एका नजरेत ओळखतात. ओळखणारच की. एकतीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. कुठलं माणूस समोर बघून काढलंय आणि कुठलं फोटोवरून, हे मलाही वहीचं पान उलटता उलटता कळायचं. फोटोवरून काढलेल्या माणसाला वजन नसतं. ते जमिनीवर उभं नसतं, कागदावर चिकटवलेलं असतं.

तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते म्हणून ‘बघू गं’ एवढंच म्हटलं. आता निवांत लिहिते.

‘सुचत नाही’ हा शब्दच तू चुकीच्या जागी वापरतेस. कविता सुचावी लागते, पाहुणे आल्यावर भाजी कुठली करावी तेही सुचावं लागतं. समोर बसलेलं माणूस सुचावं लागत नाही. ते दिसावं लागतं. तुला रस्त्यावर बाई दिसते, म्हातारा दिसतो, पोरगं दिसतं. ही सगळी नामं झाली. नाम काढायला गेलं की नाक, डोळे, केस, चष्मा, शर्टाची बटणं, सगळं मागोमाग येतं आणि दोन मिनिटांत त्यातलं काहीच धड होत नाही. दोन मिनिटांत क्रियापद तेवढं निघतं. म्हातारा काय करतोय? बसलाय. कसा बसलाय? इथून पुढं आपली मराठी तुझ्या मदतीला येते, आणि ती मदत तू अजून घेतलेलीच नाहीस.

मी शिकवायला लागले तेव्हा आठवीच्या मुलांकडून एलिमेंटरी परीक्षेची तयारी करून घ्यायचे. वस्तुचित्र, संकल्पचित्र जमायचं, पण स्मरणचित्राला सगळी कोसळायची. विषय बाजाराचा असो, बसथांब्याचा असो की रंगपंचमीचा, मुलं तीच चार माणसं आणून उभी करायची. एक बाजूला तोंड करून चालणारा, एक पाठमोरी टोपलीवाली, एक हात वर केलेला आणि कडेला एक झाड, ज्याच्यामागं चौथ्या माणसाचे पाय लपवता येतात. सगळी गाइडातली माणसं. एका वर्षी वैतागून मी फळ्यावर चित्र काढायचंच सोडलं आणि नुसते शब्द लिहिले: उकिडवं. ओणवं. फतकल मारून. ताटकळत. पोक काढून. अंग चोरून. कडेवर घेऊन. पाठुंगळीला मारून. आणि सांगितलं, पेन्सिलीला हात लावायचा नाही, आधी करून दाखवा.

तास संपेपर्यंत वर्गाचा आठवडी बाजार झाला होता. शेजारच्या वर्गावरचे गणिताचे सर दारात येऊन बघून गेले. पण त्या गोंधळात एक मुलगा उकिडवा बसून म्हणाला, “बाई, यात गुडघे काखेत येतात.” हे त्याला गाइडानं कधी सांगितलं नव्हतं. ‘अंग चोरून’ करून दाखवणाऱ्या मुलीचे खांदे कानांपर्यंत गेले, कोपरं बरगड्यांना चिकटली आणि पायाचे अंगठे आत वळले. तिनं मग ते तसंच काढलं. नाक नव्हतं, डोळे नव्हते, पण ती मुलगी कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा गेली होती हे स्पष्ट दिसत होतं.

त्या दिवसापासून मी असे शब्द चिठ्ठ्यांवर लिहून एका जुन्या कंपासपेटीत टाकायला लागले. निवृत्त झाले तेव्हा दोनशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. सुचत नसेल त्या दिवशी पेटीतून एक चिठ्ठी काढायची, ती खिशात टाकून बाहेर पडायचं, आणि तो शब्द जगणारी पाच माणसं शोधायची. शोधायचं काय ते माहीत असलं की सापडतं. चपलेचा अंगठा तुटला की गावात चांभार किती आहेत ते दिसायला लागतं, तसंच हे.

आता या शब्दांची गंमत बघ. वाकणं, लवणं, झुकणं, ओणवं होणं. तुझ्या वयाच्या पोरी चौघांनाही ‘वाकणं’च म्हणतील, आणि म्हणूनच तुमची चारही चित्रं सारखी येतात. पाया पडायला माणूस वाकतो तेव्हा तो कमरेतून मोडतो, गुडघेही थोडे दुमडतात आणि एक हात पुढं जातो. लवतो तेव्हा कंबर जवळजवळ हलत नाही, मान आणि खांदे पुढं येतात, बस्स. झुकतो तेव्हा कुठंतरी आधार असतो, खिडकीचा, कठड्याचा, टेबलाचा, आणि सगळं अंग एका तिरक्या रेषेत त्या आधाराकडं गेलेलं असतं. आणि ओणवं म्हणजे पाठ आडवी. फरशी पुसणारी बाई, भातलावणीची रांग, पोरांच्या खेळातला घोडा. ओणव्या माणसाची पाठ ही चित्रातली सगळ्यात लांब रेघ असते आणि डोकं पाठीच्या पुढं लोंबतं, वर नसतं. बसण्याचंही तसंच. मांडी घालणं, फतकल मारणं, टेकणं, रेलणं, ऐसपैस बसणं, पायावर पाय टाकून बसणं. टेकलेलं माणूस कुठल्याही क्षणी उठणार असतं, त्याचा एक पाय आधीच निघालेला असतो. रेललेल्याला उठायचं नसतं. हा फरक रेषेत आला की झालं चित्र, मग पेन्सिल खिशात घाल.

एक मात्र लक्षात ठेव. शब्द नुसता वाचून निघायचं नाही. खोलीचं दार लावून घे आणि स्वतः तसं बस, तसं वाक. कुठं ताण येतो, कुठला हात नकळत जमिनीला टेकतो ते बघ. शरीराला एकदा कळलेली गोष्ट हात विसरत नाही. तुझ्या रूममेट हसतील. त्यांनाही बसव.

आता माझी फजिती सांगते. १९७६ सालची गोष्ट, चित्रकला शिक्षकाची ए.टी.डी. करत होते. रविवारी सकाळी मिरजेच्या लक्ष्मी मार्केटबाहेर पाठकोऱ्या कागदांची वही घेऊन बसायचे. मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली एक म्हातारी होती, तिला काढलं. उकिडवी बसलेली, दोन्ही गुडघे छान जुळलेले, पाठीचा बाक सुरेख. मला माझंच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात तिनं खुणेनं बोलावलं. वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. “ही मी व्हय?” म्हटलं, हो आजी. “मग ह्यो गुडघा असा कसा? ह्यो तर दुखतोय माझा. ह्येच्यावर मी भार घालतच न्हाई. समदा भार ह्या हातावर न्हाई तर ह्या कुल्ल्यावर.” आणि खरंच, डावा पाय किंचित पुढं सरकवून ती उजव्या अंगावर कलली होती, उजवा तळवा मागं जमिनीवर. अर्धा तास मी तिच्याकडं बघत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी ‘म्हातारी भाजीवाली’ बघत होते. पुढं आयुष्यात पुष्कळ परीक्षक भेटले, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

तेव्हापासून समोर कुणी आलं की मी पहिला प्रश्न एकच विचारते. भार कुठं आहे? तूही तोच विचार. माणूस उभं असलं तर कुठल्या पायावर, बसलं असलं तर कुठल्या बाजूवर, काही उचललं असलं तर ते ओझं तोलायला शरीराचा कुठला भाग उलट दिशेला गेलाय. कडेवर पोर घेतलेली बाई बघ. पोर डाव्या कडेवर असेल तर डावी कंबर वर उचललेली, आणि खांदे उजवीकडं कललेले. उजव्या हातात पिशवी आली की पुन्हा सगळं बदलतं. पाण्याची घागर, शाळेचं दप्तर, गॅसचा सिलिंडर, प्रत्येक ओझं माणसाला वेगळं वळण देतं. तुला सुचत नसेल तेव्हा माणसं शोधू नकोसच, ओझी शोध. ओझ्याखाली माणूस सापडतंच.

उभ्या माणसासाठी एक जुनी युक्ती आहे. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो तसा मनातल्या मनात गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोड. माणूस एका पायावर भार देऊन उभं असेल तर तो ओळंबा त्या पायाच्या घोट्यापाशी पडतो. दोन्ही पायांवर सारखा असेल तर दोन्हींच्या मधे. तुझ्या उभ्या माणसांपैकी निम्मी पडायला आलेली दिसतात ना, त्याचं कारण हेच. कागदावर आधी ती खळगी आणि ते पाऊल, एवढे दोन ठिपके दे. मधलं सगळं आपोआप मधे बसतं.

आणि भार एका पायावर गेला की त्या बाजूची कंबर वर जाते, त्याच बाजूचा खांदा खाली येतो. अजिंठ्याला पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभी राहशील तेव्हा हे बघ. त्रिभंग म्हणतात तो हाच. तुमच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली १८७२ ते १८८५ या काळात तिथं बसून त्या चित्रांच्या नकला केल्या, दिवसदिवस. सगळ्यांचं नाव राहिलं नाही, पण हात तयार झाले. त्रिभंग ही देवांची मिरास नाही. रेशनच्या रांगेत चौथ्या नंबरला उभी असलेली बाईसुद्धा त्रिभंगातच उभी असते. दोन्ही पायांवर सारखा भार टाकून तासन्‌तास उभा राहणारा मला एकच माहीत आहे, तो पंढरपूरचा. समचरण, हात कटेवर. त्याला भेटायला आलेल्या रांगेत मात्र एकही समचरण सापडणार नाही. दर दोन मिनिटांनी पाय बदलतात. एकदा आषाढीच्या आधी वारीच्या मुक्कामाला मी आणि तुझे बाबा गेलो होतो, तेव्हा मी नुसते रांगेतले पायच काढले. छत्तीस पाय आणि एकही चेहरा नाही. अजून जपून ठेवलंय ते पान.

कंबर आणि खांद्याचं गणित डोक्यात बसत नसेल तर शरीरशास्त्राचं पुस्तक बाजूला ठेव आणि वारली चित्रं काढ. दोन त्रिकोण, टोकाला टोक. वरचा खांद्यांचा, खालचा कमरेचा. जिव्या सोमा मशे यांची चित्रं बघ, पद्मश्री मिळाली त्यांना २०११ साली. तारपा वाजतोय, माणसांचं वेटोळं नाचतंय, कुणी मासे धरतंय, कुणी ओझं वाहतंय. नाक-डोळे नाहीत, बोटं नाहीत, आणि तरी कोण दमलंय आणि कोण आत्ताच नाचात घुसलंय ते कळतं. सगळी करामत त्या दोन त्रिकोणांच्या कलण्यात आहे. एक आठवडा रस्त्यावरच्या माणसांची नुसती त्रिकोणी स्केचेस कर. सर विचारतील हे काय, तेव्हा सांग, आत्यानं सांगितलंय. पुढच्या आठवड्यापासून त्रिकोणांवर मांस चढव.

प्रमाणाचं फार मनावर घेऊ नकोस. मोठं माणूस साडेसात डोक्यांचं, हे तुला वर्गात शिकवलंच असेल. मांडी घालून बसलं की ते चार डोक्यांच्या आसपास येतं, आणि चार-पाच वर्षांचं पोर साधारण पाच-साडेपाच डोक्यांचं असतं. पोरांना लहान मापाची मोठी माणसं करून टाकतात सगळे, तेवढं टाळ. हाताचा पंजा चेहऱ्याएवढा असतो, विश्वास बसत नसेल तर आत्ता लावून बघ.

आता पुढची अडचण तू फोनवर सांगितलीस तीच. “आत्या, पेन्सिल टेकवेपर्यंत ते हलतात.” हलू देत. माणसं हलतात, पण काम करणारी माणसं परत त्याच जागी येतात. तबल्याचं आवर्तन फिरून समेवर येतं ना, तसं. लोहाराचा घण, इस्त्रीवाल्याचा हात, उसाच्या गुऱ्हाळावरच्याचं ऊस सारणं, भेळवाल्याचं पातेल्यातलं ढवळणं. कागदावर एकदम चार-पाच चित्रं सुरू कर. घण वर आहे, पहिलं चित्र. घण खाली, दुसरं. भात्याकडं वळला, तिसरं. तो पुन्हा घण उचलेल तेव्हा तू पुन्हा पहिल्यावर ये. वीस मिनिटांत पाच चित्रं पुरी होतात आणि प्रत्येकाला खरं तर चारच मिनिटं मिळालेली असतात. मी मिरजेच्या सतारमेकर गल्लीत असं बसायचे. भोपळा कापणारा, तारा लावणारा, लाकूड तासताना पायाच्या अंगठ्यानं ते धरून ठेवणारा. कारागीर पायांनीही काम करतो हे मला तिथं कळलं. तोवर मी सगळ्यांचे पाय उगाच दुमडून ठेवत होते.

आणि हलणारी माणसं नकोच असतील त्या दिवशी झोपलेली काढ. मुंबईत त्यांना काय तोटा.

तुला वाटतं विषय गावाकडं असतात, घाटावर, जत्रेत. अगं, तू तर सोन्याच्या खाणीत राहतेस. कॉलेजातून बाहेर पड, चार पावलांवर क्रॉफर्ड मार्केट. १८६९ साली झालेल्या त्या इमारतीच्या दर्शनी कमानींवर शेतकऱ्यांची कोरीव चित्रं आहेत. ती लॉकवुड किपलिंग यांनी केली, तुमच्याच कॉलेजात शिकवायचे ते. मान वर करून एकदा बघ, आणि मग मान खाली करून त्याच कमानीखालून पाटी डोक्यावर घेऊन जाणारा हमाल बघ. त्याची मान. ओझं डोक्यावर असलं की मान हलवता येत नाही, म्हणून कुणाशी बोलायचं तर तो अख्खा वळतो. डब्यांचा लांब ट्रे डोक्यावर घेतलेला डबेवालाही तसाच, वरचा भाग खांबासारखा आणि खाली पाय मात्र धावतायत. मशीद बंदरला हातगाडी ओढणारे दोघं बघ, एक पुढं ओढतो, एक मागून ढकलतो. पुढच्याचं डोकं त्याच्या पावलांच्या कितीतरी पुढं गेलेलं असतं. ओळंब्याचा नियम इथं मोडतो, कारण गाडी त्याला मागं खेचून धरते. गाडी न काढता तो माणूस काढून बघ. बघणाऱ्याला गाडी दिसली पाहिजे.

लोकलमधली चौथी सीट तर मला कुठल्याही मॉडेलपेक्षा प्रिय आहे. तिघींच्या बाकावर चौथी टेकते. अर्धी बाकावर, अर्धी हवेत, एक पाय पॅसेजमध्ये रोवलेला, आणि त्या एका पायावर कल्याणपर्यंतचा प्रवास. आणि खिडकीशी बसलेली पेंगतेय. पेंगणाऱ्या माणसाची मान आधी सुटते, मग खांदा, हात शेवटपर्यंत पर्सवर घट्ट. हे सगळं तू रोज फुकट बघतेस आणि कानात बोळे घालून मोबाइलमध्ये मान घालतेस. बरं, मोबाइलमध्ये मान घातलेल्या माणसांचाही एक बाक असतो. माझ्या पेटीत त्याला शब्द नाही. तू शोध आणि टाक.

चित्रकार धुरंधरांची जुनी पोस्टकार्डं कुठं बघायला मिळाली तर सोडू नकोस. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची मुंबईची माणसं त्यांत आहेत. एस. एम. एडवर्ड्स यांच्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’ या १९१२ सालच्या पुस्तकातही धुरंधरांचीच चित्रं आहेत. कपड्यांवरून जात-धंदा सांगणारी म्हणून लोक ती बघतात. तू त्यांच्यात उभं राहण्याची ढब बघ. तसंच जपानच्या होकुसाईचं. त्याच्या रेखाटनांच्या ‘मांगा’चा पहिला भाग १८१४ साली निघाला, पुढं सगळे मिळून पंधरा भाग झाले. कुस्ती खेळणारे, आंघोळ करणारे, कसरती करणारे, जाडे, हाडकुळे. त्यातलं एक पान समोर ठेवून उतरव, मग पुस्तक मिटून तसलीच माणसं आपल्या तालमीत शोध. नुसतं उतरवत बसलीस तर पुन्हा गाइडच झालं.

साडीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तुम्ही मुली साडी काढता म्हणजे चुण्या काढता. पंचवीस निऱ्या मोजून. दोन मिनिटांच्या चित्रात कापड जिथं ओढलं गेलंय तेवढंच काढायचं. पुढं आलेला गुडघा, कमरेला खोचलेला पदर, खांदा. तिथून दोन-तीन रेघा सुटतात, बाकी कागद कोरा. नऊवारीचा कासोटा घातलेली बाई काढायला सगळ्यात सोपी, दोन्ही पाय वेगळे दिसतात. पाचवारीत पाय लपतात, म्हणून आधी आतले पाय मनात धरून मग वरून कापड टाक. लेंगा-सदऱ्याचंही तेच. ढगळ कपड्यात माणूस कुठं संपतं आणि हवा कुठं सुरू होते हे कोपर आणि गुडघा सांगतात.

साहित्य म्हणशील तर बॉलपेन आणि पाठकोरे कागद. खोडरबर वसतिगृहातच ठेवून जा. चुकलेली रेघ राहू दे, तिच्याशेजारी दुसरी मार. कागद तळहाताएवढा घे म्हणजे तपशील भरायला जागाच उरत नाही. लाइफ क्लासात मोठा कागद असेल तिथं मात्र मनगटानं नको, खांद्यातून हात फिरव. अधूनमधून कागदाकडं अजिबात न बघता काढ. रोदँ हा मोठा शिल्पकार, तोही मॉडेलवरची नजर न हटवता काढायचा. चित्र हास्यास्पद येतं. पण त्यातली एखादी रेघ अशी येते की ती बघून काढली असतीस तर आली नसती.

रस्त्यावर बसायचं तर थोडी रीत पाळ. समोरून टक लावून बघू नकोस, बाजूला बस, पाठमोरी माणसं जास्त काढ. पाठ खोटं बोलत नाही, चेहऱ्याला कळतं की कुणी बघतंय. टपरीवर चहा घेऊन बसलीस तर तुला तिथं असायचं कारण मिळतं. कुणी विचारलं तर वही लपवायची नाही, दाखवायची, आणि नको म्हणालं तर पान उलटून दुसरीकडं वळायचं. पोरं जमली की काम संपलं समज, त्यांनाच कागद दे. एकटी मुलगी रस्त्यावर वही घेऊन बसते याचं माझ्या वेळी लोकांना फार नवल वाटायचं. मी पदर खोचून बसायचे आणि शेजारी भाजीची पिशवी ठेवायचे. पिशवी बघितली की सगळ्यांना मी ओळखीची वाटायचे.

पावसामुळं बाहेर पडता आलं नाही तरी सबब नाही. घरी आलीस की आईला विळीवर बसलेली काढ. एक पाय दुमडून पाटावर दाबलेला, दुसरा गुडघा उभा, दोन्ही हात पात्याशी. विळी गेली तर ही बैठकही जाणार, आपल्या घरात आता ती फक्त नारळ खवायला निघते. वसतिगृहात वेणी घालणाऱ्या पोरी आहेत. दोन्ही हात डोक्यामागं, मान पुढं, दातांत रबरबँड. बादली घेऊन जिना चढणाऱ्या आहेत. कुणीच नसेल तर आरशात तू आहेस. आणि रात्री दिवा घालवायच्या आधी दिवसभरातली तीन माणसं आठवून काढ. पाठ करायची युक्ती सांगते, आमच्या सरांनी मला दिलेली. बघताना मनात शब्दांत बोलायचं. ‘उजव्या पायावर भार, डावी टाच उचललेली, हात कमरेवर, मान खिडकीकडं.’ चित्र विसरतं, वाक्य राहतं. लाइफ क्लासात मॉडेल विश्रांतीला गेल्यावर मी असंच मनात बोलत पुढचं चित्र पुरं करायचे. शेजारचा मुलगा विचारायचा, कुठला मंत्र म्हणतेस?

फोटो घ्यायचेच असतील तर फोटो नको, व्हिडिओ घे. तीनदा बघ, बंद कर, मग काढ. अर्थात त्याला मी मनापासून राजी नाही.

येत्या रविवारी तुझे बाबा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला येतायत. त्यांच्याबरोबर मेतकूट, कुळथाचं पीठ आणि ती कंपासपेटी पाठवतेय. झाकण सैल झालंय, म्हणून रबर लावलंय. चिठ्ठ्या माझ्या हस्ताक्षरात आहेत, काही शाळेतल्या मुलांच्या, काहींची शाई उडालीय. तुला न कळणारे शब्दही निघतील. त्यात एक ‘खुरमांडी’ आहे. ती कशी घालतात हे कागदावर सांगायला मला येत नाही. बाबांना बसून दाखवायला सांग, त्यांना येते. पण वही आधी उघडून ठेव, त्यांचे गुडघे आता दोन मिनिटांच्या वर दम धरत नाहीत.